ब्रेकचे पॅडल हळूहळू खाली का बसते?
जुन्या गाडीच्या ब्रेकची क्रमवार तपासणी : वाहन विभागाकडून



आपल्या कार्यक्षेत्रात नवीन गाड्या पुष्कळ आल्या, तरी वाड्यावस्त्यांवर जुन्या जीपगाड्या अजून टिकून आहेत. डेअरीला दुधाचे कॅन पोचवणे, फडावर खताची पोती टाकणे, तोडणी टोळीतल्या आजारी माणसाला दवाखान्यात नेणे, पोरांना शाळेत सोडणे, ही सगळी कामे या गाड्या निमूटपणे करतात. गाडी जुनी असणे हा काही दोष नव्हे. जुन्या गाडीची बांधणी साधी असते, तिचे काम गावातल्या मिस्त्रीलाही कळते. पण ब्रेकच्या बाबतीत जुनी गाडी आधी सूचना देते आणि ती सूचना आपण ऐकली नाही, तर एखाद्या उतारावर एकदाच दगा देते.

ही सूचना कोणती? गॅरेजच्या दारात आम्ही ती वारंवार ऐकतो. "ब्रेक लागतो हो, पण पाय दाबून धरला की पॅडल हळूहळू खाली जातं. दोनदा पंप मारला की परत वर येतं. चालतंय तसं."

यातले "चालतंय तसं" हेच धोक्याचे आहे. पंप मारल्याने पॅडल वर येते, दोष मात्र जागच्या जागीच राहतो. शिवाय हा दोष चार-पाच निरनिराळ्या ठिकाणी असू शकतो. तो नेमका कुठे आहे हे न पाहता अंदाजाने सामान बदलत गेले, तर पैसे जातात आणि पॅडल बसतच राहते. म्हणून या अंकात आम्ही तपासणीचा क्रम देत आहोत. यातील बराचसा भाग गाडीमालकाला घरच्या अंगणात करता येतो. उघडण्याचे काम मिस्त्रीचे, पण काय उघडायचे हे मालकाला ठाऊक असले म्हणजे निम्मे काम झाले.

एक खुलासा आधीच करतो. हा लेख ऑईलच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकविषयी, म्हणजे जीप, जुनी मोटार, लहान टेम्पो यांच्याविषयी आहे. ऊस वाहतुकीच्या मोठ्या ट्रकला हवेचा ब्रेक असतो आणि ट्रॅक्टरच्या ब्रेकची रचनाही निराळी असते. त्यांचे विषय वेगळे आहेत.

१. पायाचा जोर चाकापर्यंत कसा पोचतो

पॅडल दाबले की त्याला जोडलेला दांडा मास्टर सिलिंडरमधील पिस्टन पुढे ढकलतो. पिस्टनच्या तोंडाशी रबरी वॉशर असतो. हा वॉशर सिलिंडरच्या भिंतीला चिकटून ब्रेक ऑईल पुढे लोटतो. ऑईल बारीक लोखंडी पाईपांतून आणि रबरी होज पाईपांतून चाकांच्या व्हील सिलिंडरमध्ये जाते. तिथले पिस्टन ब्रेक-शू बाहेर ढकलतात, शूवरचा लायनर ड्रमला घासतो आणि चाक थांबते.

यातील मुख्य गोष्ट अशी की ऑईल दाबाने आकसत नाही. बंद जागेतील द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सतराव्या शतकात मांडलेला हा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. समजा, पॅडलच्या तरफेने पायाचा जोर पाचपट होतो आणि आपण २० किलो जोर लावला. म्हणजे पिस्टनवर १०० किलो जोर आला. पिस्टन १ इंच व्यासाचा असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस सेंटिमीटर. तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० किलो दाब तयार होतो. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या हा सुमारे दहापट आहे. एवढा दाब ज्या वॉशरच्या पातळ कडेने अडवायचा, ती कड झिजली तर काय होईल, हे सांगायला नको.

गावच्या हापशाचा वॉशर झिजला की दांडा कितीही हलवा, पाणी धड चढत नाही. कारण ते वॉशरच्या बाजूने परत खाली उतरते. मास्टर सिलिंडरचेही तसेच आहे.

२. सगळा खेळ तीन चमचे ऑईलचा

मास्टर सिलिंडरचा पिस्टन १ इंच व्यासाचा आणि त्याची पूर्ण धाव ३ सेंटिमीटर धरली, तर एका वेळी पुढे लोटले जाणारे ऑईल जेमतेम १५ घनसेंटिमीटर भरते. म्हणजे चहाचे तीन चमचे! तेवढ्या ऑईलवर भरलेली गाडी थांबते. त्यातील एक चमचा कुठून बाहेर गेला किंवा वॉशरच्या मागे सरकला, तर पॅडलची एक-तृतीयांश धाव वाया गेली. तिन्ही चमचे गेले की पॅडल फळीला टेकले आणि ब्रेक संपला.

जुन्या जीपगाड्यांत दुसरी अडचण अशी की मास्टर सिलिंडर एकेरी असतो आणि चारही चाकांना एकच मार्ग असतो. एका चाकाचा होज फुटला तरी चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. नंतरच्या गाड्यांत दुहेरी मास्टर सिलिंडर आला. त्यात एक बाजू गेली तर पॅडल बरेच खाली जाते, पण उरलेल्या बाजूवर गाडी थांबवता येते. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे प्रत्येक मालकाने आजच विचारून घ्यावे. एकेरी असेल तर बसणाऱ्या पॅडलला एक दिवसाचीही सवलत देऊ नये.

३. आधी पॅडलची भाषा ओळखा

"पॅडल खाली जातं" या एकाच वाक्यात माणसे निरनिराळ्या तक्रारी सांगतात. त्या आधी वेगळ्या करायला हव्यात.

(अ) पहिल्या दाबाला पॅडल बरेच खाली जाते. दोन-तीनदा पंप मारला की उंच आणि कडक होते आणि दाबून धरले तरी तिथेच थांबते. ही गळती नव्हे. शू आणि ड्रम यांच्यात अंतर वाढले आहे. लायनर झिजले असतील, अ‍ॅडजस्टिंग झाले नसेल किंवा ड्रम आतून मोठा झाला असेल.

(आ) पंप मारल्यावर पॅडल वर येते, पण पायाखाली स्पंजसारखे लवचिक लागते. लाईनमध्ये एअर आहे. ऑईल आकसत नाही, हवा आकसते. म्हणून ही लवचिकता. होज पाईप जुना होऊन फुगत असेल तरीही असेच वाटते.

(इ) पंप मारल्यावर पॅडल उंच आणि कडक येते, पण पाय तसाच दाबून धरला की हळूहळू खाली सरकत जाते. हेच खरे बसणारे पॅडल. ऑईल दाबाखाली कुठून तरी निसटत आहे.

(ई) सपाटीवर सगळे ठीक, पण लांब उतार उतरताना ब्रेक तापले की पॅडल एकाएकी खोल जाते आणि गार झाल्यावर परत ठीक होते. हे ऑईल उकळल्याचे लक्षण. याविषयी पुढे सांगितले आहे.

ज्या गाड्यांना व्हॅक्यूमचा बूस्टर आहे, त्यांत पॅडल दाबून धरून इंजिन सुरू केले की ते थोडे खाली जाऊन थांबते. बूस्टर काम करतो याची ती खूण आहे, तो दोष समजू नये.

४. गाडी उभी ठेवून करावयाची परीक्षा

गाडी सपाट जागी उभी करावी. चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी उटी लावावी. केवळ हँडब्रेकवर विसंबू नये. अनेक जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्स्फर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. अशी गाडी मागच्या एका चाकाखाली जॅक लावून उचलली, तर डिफरन्शियलमुळे उचललेले चाक मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. गाडीखाली शिरण्याआधी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता इंजिन बंद करून पॅडल चार-पाच वेळा दाबावे. बूस्टर असेल तर त्यातला व्हॅक्यूम संपतो. मग मध्यम जोराने पॅडल दाबून धरावे आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट पाहावे. पॅडल जागेवर राहिले तर उत्तम.

एवढ्यावर थांबू नये. तीच परीक्षा अगदी हलक्या पायाने पुन्हा करावी. सिग्नलला किंवा काट्याच्या रांगेत आपण जसा नुसता पाय टेकवून उभे राहतो, तेवढाच जोर द्यावा. हे मुद्दाम सांगतो, कारण मास्टर सिलिंडरच्या वॉशरची कड ऑईलच्या दाबानेच भिंतीला चिकटते. जोरात लाथ मारली की झिजलेला वॉशरसुद्धा चिकटतो आणि ब्रेक चांगला लागतो. हलक्या दाबाला मात्र कड सैल राहते आणि ऑईल तिच्या बाजूने मागे सरकते. म्हणूनच मिस्त्री चक्कर मारून येतो आणि म्हणतो "ब्रेक फर्स्ट क्लास आहे", आणि मालक म्हणतो "रांगेत उभा राहिलो की बसतंय." दोघेही खरे बोलतात. जोरात धरून ठेवते पण हलक्या पायाला बसते, अशी गाडी असेल तर संशयाचे पहिले बोट मास्टर सिलिंडरकडे जाते.

५. ऑईल बाहेर जाते की आतल्या आत फिरते?

पॅडल बसते हे ठरले की पुढचा प्रश्न हा. त्याचे उत्तर ऑईलची टाकी देते.

टाकीचे झाकण उघडण्याआधी आजूबाजूची धूळ-माती स्वच्छ पुसावी. जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर पायाखालच्या फळीच्या खाली असतो. तिथे रस्त्याची सगळी माती बसते आणि झाकण उघडताच आत पडते. ऑईल खुणेपर्यंत भरावे, पातळीची खूण करून ठेवावी आणि दोन-तीन दिवस जपून, जवळपासच, सपाट रस्त्यावर गाडी वापरून पुन्हा पाहावे. पॅडल फारच लवकर बसत असेल तर गाडी मुळीच बाहेर काढू नये. अंगणातच पॅडल शंभर-दीडशे वेळा दाबून पातळी पाहावी.

पातळी उतरली, तर ऑईल बाहेर जात आहे. पातळी तेवढीच राहिली आणि पॅडल मात्र बसते, तर ऑईल मास्टर सिलिंडरच्या आतच वॉशरला वळसा घालून मागे येत आहे.

यात एक फसगत आहे. बूस्टर असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडरच्या मागच्या बाजूने गळलेले ऑईल बूस्टरच्या पोटात जाते. जमिनीवर थेंब पडत नाही, चाके कोरडी असतात, पण टाकी रिकामी होत जाते. पेट्रोल गाडी असेल तर हे ऑईल इंजिनात ओढले जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूरही येऊ शकतो. तेव्हा मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून त्याची पाठ पाहावी. ओली असेल तर चोर सापडला.

६. बाहेरची गळती शोधण्याचा क्रम

रात्री चारही चाकांच्या आतल्या बाजूला आणि मास्टर सिलिंडरखाली जुने वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा टाकून ठेवावा. सकाळी डाग कुठे पडला ते पाहावे. मग पुढील जागा याच क्रमाने तपासाव्यात :

पहिली जागा, मास्टर सिलिंडरची मागची रबरी टोपी. तिची कड उचलून पाहावी.

दुसरी, होज पाईप. एकाने पॅडल दाबावे, दुसऱ्याने होज पाहावा. चिरा, फुगवटा किंवा ओलावा दिसला की होज बदलावा. त्याला टेप गुंडाळणे हा उपाय नव्हे.

तिसरी, लोखंडी पाईप. क्लिपखाली गंजतो आणि मागच्या अ‍ॅक्सलवर घासतो, तिथे हात फिरवून पाहावे.

चौथी, व्हील सिलिंडर. टायरच्या आतल्या बाजूला किंवा बॅकप्लेटच्या खाली ओला ओघळ असेल तर ड्रम काढावा आणि सिलिंडरच्या दोन्ही रबरी टोप्या उचलून पाहाव्यात. टोपीतून ऑईल ओघळले की वॉशर गेला असे समजावे.

मागच्या चाकात ओले दिसले म्हणजे ते ब्रेक ऑईलच असेल असे नाही. अ‍ॅक्सलचे सील गेले तर गिअर ऑईलही ड्रममध्ये येते. ओळखण्याची सोपी रीत अशी की त्यातला थेंबभर द्रव वाटीतल्या पाण्यात टाकून ढवळावा. डॉट ३, डॉट ४ हे नेहमीचे ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जाते. गिअर ऑईल आणि ग्रीस वर तरंगतात.

दोन सूचना. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसाला घातक आहे. कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रम झाडू नये, पाण्याने ओला करून पुसावा. आणि ऑईलने भिजलेला लायनर पेट्रोल टाकून जाळून परत बसवण्याची जी पद्धत आहे ती बंद करावी. भिजलेले लायनर बदलावेत आणि डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे मिळून बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

७. मास्टर सिलिंडरची पक्की खात्री

सगळे बाहेरून कोरडे आहे, पातळी उतरत नाही, तरी पॅडल बसते. तर मास्टर सिलिंडर दोषी, असे म्हणता येईल. पण नवीन सामान घेण्याआधी खात्री करण्याचा एक खणखणीत मार्ग आहे.

मास्टर सिलिंडरमधून निघणारा पाईप सोडावा आणि त्या भोकात त्याच आट्याचे बंद तोंडाचे नट घट्ट बसवावे. असे नट बाजारात मिळाले नाही, तर जुन्या पाईपाचा नटासकट वीतभर तुकडा घेऊन त्याचे टोक दुमडून ब्रेझिंगने बंद करावे. आता लाईनमधली हवा काढतात तशीच या नटातली हवा काढून पॅडल दाबावे. पॅडल दगडासारखे कडक होऊन जागेवर थांबले, तर मास्टर सिलिंडर निर्दोष आहे. दोष पुढे आहे. पॅडल तरीही बसत असेल, तर दुसरीकडे शोधण्याचे कारणच उरले नाही.

मास्टर सिलिंडर निर्दोष ठरला, तर हेच बंद नट पुढे वापरून आधी मागच्या चाकांची लाईन बंद करावी, मग पुढच्या चाकांची. जी लाईन बंद केल्यावर पॅडल बसायचे थांबते, तिच्यात दोष.

काही ठिकाणी होज पाईप पक्कडीने चेपून हीच परीक्षा करतात. जुना होज असा चेपला की आतून चिरतो आणि नवा दोष तयार होतो. गोल जबड्याचा खास क्लॅम्प नसेल तर होज चेपू नये.

या परीक्षेचे महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. एक जीप आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या चारही व्हील सिलिंडरचे किट बाहेरच्या एका गॅरेजमध्ये दोनदा बदलून झाले होते. एअर तर किती वेळा काढली याची गणतीच नव्हती. प्रत्येक वेळी दोन दिवस ब्रेक बरा वाटायचा आणि पुन्हा बसायचा. टाकीतले ऑईल मात्र कधी उतरले नव्हते. बंद नट बसवून पाहिले, तर अर्ध्या मिनिटात पॅडल खाली. मास्टर सिलिंडर उघडला तेव्हा त्याच्या तळाच्या बाजूला गंजाचे बारीक खड्डे पडलेले होते आणि वॉशरची कड तिथेच कापली गेली होती. चाकांत कधी दोष नव्हताच. मालकांनी पहिल्या दिवशी टाकीची पातळी पाहिली असती, तर आठ किटांचे पैसे वाचले असते.

८. किट टाकावे की सिलिंडर बदलावा?

सिलिंडर उघडून आतून स्वच्छ पुसावा आणि भिंतीवर नख फिरवावे. नख कुठेही अडले नाही, भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल, तर नवे किट टाकल्यास काम टिकते. नख अडते असे खड्डे किंवा ओरखडे असतील, तर किट टाकणे म्हणजे खडकाळ पाटाला मातीचे अस्तर देणे होय. नवा वॉशरही तिथे कापला जातो. सिलिंडरच बदलावा. लोकल, निनावी किट घेऊ नये.

रबराचे सामान कधीही डिझेल, पेट्रोल वा रॉकेलमध्ये धुऊ नये. ते फुगते. नव्या ब्रेक ऑईलनेच धुवावे व ऑईल लावूनच बसवावे.

बसवताना पॅडलचा दांडा आणि पिस्टन यांच्यात गाडीच्या पुस्तकात सांगितलेली थोडी ढिलाई ठेवावी. ढिलाई नसेल तर वॉशर टाकीकडचे बारीक भोक झाकून बसतो. ऑईल परत येऊ शकत नाही, शू घासत राहतात आणि ब्रेक तापून जाम होतात.

९. एअर काढताना एक लाकडी ठोकळा

काम झाल्यावर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून एअर काढायला सुरुवात करावी. आपल्याकडे उजव्या हाताची गाडी असल्याने मागचे डावे चाक आधी, मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑईल असलेल्या बाटलीत बुडवावे. पॅडल दाबल्यावर निपल सोडावे, पॅडल सोडण्याआधी आवळावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. बाटलीत निघालेले ऑईल परत टाकीत घालू नये.

येथे जुन्या गाडीसाठी एक खास काळजी घ्यावी. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या पुढच्या भागापर्यंत कधी जातच नाही. तिथे वर्षानुवर्षांचा गाळ आणि गंज साठतो. एअर काढताना पॅडल फळीपर्यंत दाबले की वॉशर त्या गंजावरून फिरतो आणि त्याची कड फाटते. काल चांगला असलेला मास्टर सिलिंडर आज बसू लागतो, आणि लोक म्हणतात एअर राहिली. यासाठी पॅडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा, म्हणजे ते शेवटपर्यंत जाणार नाही. पाच मिनिटांत होणारे हे काम सिलिंडर वाचवते.

तक्रार (अ) प्रकारची असेल, तर यातले काहीच उघडण्याची गरज नाही. लायनर पुरेसे जाड असल्याची खात्री करून प्रत्येक चाक उचलावे. बॅकप्लेटमागचा अ‍ॅडजस्टर शू हलका घासेपर्यंत फिरवावा, मग चाक मोकळे फिरेपर्यंत किंचित सैल करावा. एवढ्याने पॅडल वर येते.

१०. ऑईल : स्वस्तात पडणारी खबरदारी

ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. नवे कोरडे डॉट ३ ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक सारखा दाबून धरला, तर व्हील सिलिंडरमधील जुने ऑईल उकळते, त्याची वाफ होते आणि पॅडल पोकळीत गेल्यासारखे खाली जाते. तक्रार (ई) ती हीच.

तेच पाणी सिलिंडरच्या तळाशी बसून गंजाचे खड्डे पाडते. बिगर हंगामात पावसाळाभर गोठ्याशेजारी उभी राहिलेली गाडी दिवाळीनंतर काढली की पॅडल का बसते, याचे उत्तर यात आहे. म्हणून दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, सगळे ऑईल बदलावे. सीलबंद लहान डबा घ्यावा. अर्धा उघडा राहिलेला मागच्या वर्षीचा डबा वापरू नये. अंगावर व रंगावर सांडू देऊ नये, रंग निघतो.

टाकीत ब्रेक ऑईलखेरीज दुसरे काही, विशेषतः इंजिन ऑईल, चुकूनही घालू नये. "वेळ मारून नेण्यासाठी" घातलेले पावशेर इंजिन ऑईल सगळे वॉशर फुगवून टाकते. असे झाले असेल तर गाडी चालवू नये. लाईन धुऊन रबराचे झाडून सगळे सामान बदलावे लागते.

११. रस्त्यातच पॅडल खाली गेले तर

घाबरून इंजिन बंद करू नये आणि न्यूट्रल करू नये. पॅडल भराभर पंप मारावे, एकेक खालचा गिअर टाकावा, वेग उतरला की हँडब्रेक बेताने ओढावा आणि चढाच्या किंवा मोकळ्या बाजूला गाडी घ्यावी. थांबल्यावर चाकांना उटी लावावी. नंतर दोन पंपांवर ब्रेक लागला तरी "घरापर्यंत जाऊ" असा विचार करू नये. गाडी ओढून आणावी.

उतार उतरायचा तर ज्या गिअरवर तो चढलो असतो त्याच गिअरवर उतरावे. जोर इंजिनावर राहतो आणि ब्रेक गार राहतात.

थोडक्यात

पंप मारून वर येते आणि थांबते : अ‍ॅडजस्टिंग, लायनर, ड्रम पाहा.
पायाखाली लवचिक लागते : एअर काढा, होज पाहा.
हळूहळू बसते, टाकी उतरते : बाहेरची गळती शोधा.
हळूहळू बसते, टाकी उतरत नाही : मास्टर सिलिंडर. बंद नटाने खात्री करा.
तापल्यावर खोल जाते : ऑईल बदला, उतारावर गिअर वापरा.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार सदोष, धोकादायक स्थितीतील वाहन रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट ही की जुन्या जीपच्या मागच्या बाकावर बहुधा आपलीच लेकरे, आपलेच शेजारी, नाहीतर आपल्याच फडातल्या टोळीची बायकामाणसे बसलेली असतात. त्यांना पॅडलचे काही ठाऊक नसते. ते चालवणाऱ्याला ठाऊक असते.

सर्व वाहनधारक सभासदांना विनंती आहे की मोळी गव्हाणीत पडण्यापूर्वी, म्हणजे हंगामाची धावपळ सुरू होण्याआधी, एक मिनिटाची ही परीक्षा आपापल्या गाडीवर दोन्ही प्रकारे, जोरात आणि हलक्या पायाने, करावी. पॅडल एक बोटभरही बसले तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी ठेवावी. हा अंक गाडीच्या कप्प्यात ठेवावा आणि मिस्त्रीलाही वाचायला द्यावा. शंका असल्यास कामाच्या वेळेत वाहन विभागात यावे. तपासून सांगण्यास आम्ही बांधील आहोत.